मोहिनीचे चित्रण आणि प्रतिमांची साक्ष

ज्या स्त्रीच्या पायी कथेतील एखाद्या पुरुषाचे सर्वस्व लयाला जावयाचे असते, तिचा पहिला प्रवेश लिहिताना नवोदित लेखकाची लेखणी बहुधा दोन कामे एकदम उरकू पाहते. तिचे सौंदर्य वाचकाच्या मनावर ठसावे म्हणून चंद्र, कमळ आणि मृगनयन यांचे जुने भांडार उघडले जाते, आणि ही स्त्री घातक आहे याची सूचनाही वेळीच मिळावी म्हणून त्याच पानावर नागीण, विषवल्ली, ज्वाला आणि भोवरा यांची हजेरी लागते. परिणाम असा होतो की सौंदर्य एका वाक्यात आणि संकट दुसऱ्या वाक्यात अशी त्या स्त्रीची वाटणी होऊन जाते. वाचकाला मोह पडत नाही, कारण त्याला आधीच बजावून ठेवलेले असते; त्याला भयही वाटत नाही, कारण ज्या नागिणीचे नाव त्याने शेकडो कथांत वाचले, तिच्या विषाची धार केव्हाच गेलेली असते. अशी पात्रे रंगविण्याची ज्यांना मनापासून इच्छा आहे त्यांनी प्रथम एवढे ध्यानी घ्यावे की, ज्या वस्तूने कथेतील पुरुष भुलतो त्याच वस्तूत, त्याच क्षणी, वाचकाला अरिष्टाची चाहूल लागली पाहिजे. आणि हे साधावयाचे तर प्रतिमा ही लेखकाची मालमत्ता नसून पाहणाऱ्याची जबानी आहे, असे मानून ती लिहिली पाहिजे.

याचे एक अत्यंत देखणे उदाहरण आपल्या घरातच आहे. भागवताच्या दशम स्कंधात कंसाने पाठविलेली पूतना गोकुळात शिरते ती राक्षसीच्या वेषाने नव्हे. तिच्या केशबंधात मल्लिकेची फुले गुंफलेली आहेत, हातात कमळ आहे, आणि तिला पाहून गोपींना वाटते की साक्षात लक्ष्मीच आपल्या पतीच्या दर्शनास आली. पुराणकार तिच्या अंतरंगाची कल्पना म्यानात झाकलेल्या तलवारीच्या उपमेने देतो. परंतु त्या वेळी यशोदा आणि रोहिणी कोठे आहेत, हे पाहण्यासारखे आहे. त्या तेथेच उभ्या आहेत आणि तिच्या तेजाने दिपून, तिला न अडविता नुसत्या पाहत राहिल्या आहेत. म्यान सुंदर आहे म्हणूनच त्यांचे पाऊल पुढे पडत नाही. याहून विलक्षण गोष्ट सर्पाच्या उपमेची. दोरी समजून निजलेला साप उचलावा, ही उपमा तेथे येते खरी, पण तो साप म्हणजे पूतना नव्हे. तो तिच्या मांडीवरचा बालक आहे, आणि भुलून हात घालणारी ती स्वतः आहे. सर्पाची प्रतिमा पुराणकाराच्या काळीही नवी नव्हती. तिची जागा बदलताच तिच्यात पुन्हा विष उतरले. रूढ उपमान टाकून द्यावे असे मी म्हणत नाही. ते ज्या बाजूला वाचकाची अपेक्षा आहे त्या बाजूला ठेवू नये, एवढेच माझे सांगणे आहे.

आता केसांतल्या फुलांचाच धागा धरून स्पेनमध्ये जाऊ. प्रॉस्पर मेरीमे या फ्रेंच लेखकाची ‘कार्मेन’ ही दीर्घकथा 1845 साली प्रसिद्ध झाली. बिझेच्या 1875 च्या संगीतिकेमुळे ती जगभर गेली, तथापि प्रतिमांचा अभ्यास करणाऱ्याने मूळ कथाच वाचावी. तेथे कथा सांगणारा प्रवासी पंडित कार्मेनला प्रथम पाहतो तो कोर्दोवात, सायंकाळी, नदीकाठी. तिच्या केसांत जुईच्या जातीच्या फुलांचा भला मोठा गुच्छ आहे आणि संध्याकाळ पडताच त्याचा गंध चढू लागला आहे. पंडिताजवळ ठोके देणारे घड्याळ आहे. त्याचा नाद ऐकून ती चकित होते. पंडिताला ते कौतुक गोड वाटते, वाचकाचे लक्ष मात्र त्या घड्याळावर जाते, आणि पुढे ते घड्याळ नाहीसे होते तेव्हा आपल्याला सर्व काही आधीच दाखविलेले होते हे वाचकाला पटते. त्याच्याशी लबाडी झालेली नसते. मोहिनीच्या चित्रणातील प्रामाणिकपणा तो हाच.

परंतु या कथेतील खरी प्रतिमा त्यापुढची आहे. सेव्हिल शहरातील तंबाखूच्या कारखान्यापाशी दोन होसे हा शिपाई पहाऱ्यावर बसला आहे. बायका येतात-जातात तिकडे न पाहता तो पितळी तारेची साखळी विणीत आहे; बंदुकीचा कान साफ करण्याची सुई अडकविण्यासाठी ती त्याला हवी आहे. हा बारकावा वरवर क्षुल्लक दिसतो, पण जो पुरुष आपली साखळी आपल्या हाताने विणतो त्याच्याविषयी आणखी काय सांगावयाचे राहिले? कार्मेन येते, त्याची थट्टा करते, ओठांच्या कोपऱ्यात धरलेले बाभळीच्या कुळातले फूल काढते आणि अंगठ्याच्या एका टिचकीने ते त्याच्या दोन भुवयांच्या मधोमध मारते. पुढे तो कबूल करतो की आपल्याला बंदुकीची गोळी लागल्यासारखे वाटले. फूल आणि गोळी या दोन वस्तू येथे शेजारी मांडलेल्या नाहीत. एकाच वस्तूने एकाच टिचकीत दोन्ही कामे केली. ती निघून गेल्यावर सोबत्यांची नजर चुकवून तो ते फूल उचलतो आणि जपून खिशात ठेवतो. पुढे तिला पळून जाऊ दिल्याबद्दल तो तुरुंगात पडतो तेव्हा फूल सुकलेले असते, वास मात्र तसाच असतो. नवोदित लेखकाने येथे घटकाभर थांबावे. फूल तिन्ही वेळा तेच आहे, पण पहिल्यांदा ते आघात आहे, दुसऱ्यांदा चोरी आहे आणि तिसऱ्यांदा कैद आहे. प्रत्येक पानावर नवी उपमा शोधण्याचे श्रम मेरीमेने घेतले नाहीत. त्याने एकच वस्तू घेतली, तिला कथेबरोबर चालविले, आणि परिस्थिती बदलत गेली तसा तिचा अर्थ आपोआप बदलू दिला.

येथे आपल्याकडील लेखकांना एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. केसांतील फुले स्पेनमधल्या त्या नदीकाठी जे सांगतात ते महाराष्ट्रात सांगतीलच असे नाही. आपल्याकडे चैत्रातल्या हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक सुवासिनी गजरा माळून असते. तो गजरा काही सूचित करावयाचा असेल तर तो कोणी दिला, कोणत्या वेळी माळला, कोणाच्या दारी उतरविला, हे तरी वेगळे असावे लागेल. परक्या कथेतील वस्तू उचलून आणण्याऐवजी आपल्या कथेच्या वतनात जी वस्तू रोजच्या वहिवाटीची आहे, तिच्याकडे नव्या दृष्टीने पाहावे, हे अधिक फलदायी ठरते.

प्रतिमा ही पाहणाऱ्याची जबानी असते असे मी वर म्हटले, त्याचा पुरावा ऑस्कर वाइल्डच्या ‘सलोमे’ या नाटकाइतका स्पष्ट दुसरीकडे क्वचितच सापडेल. 1893 साली प्रसिद्ध झालेले हे नाटक वाइल्डने मुळात फ्रेंच भाषेत लिहिले. राजवाड्याच्या गच्चीवर चंद्र उगवलेला आहे, आणि नाटकातील जवळजवळ प्रत्येक पात्र त्याच्याविषयी काही ना काही बोलते. राणीच्या सेवकाला त्या चंद्रात थडग्यातून उठून येणारी मृत स्त्री दिसते. सलोमेवर लुब्ध झालेल्या तरुण अधिकाऱ्याला नृत्य करणारी चिमुकली राजकन्या दिसते. स्वतः सलोमेला त्यात शीतल आणि अस्पृष्ट कौमार्य दिसते. राजा हेरोदला मद्याने झिंगलेली, प्रियकर शोधीत हिंडणारी वेडी स्त्री दिसते. आणि राणीला, जिला कल्पनाविलासाचा तिटकारा आहे, चंद्र हा केवळ चंद्रासारखा दिसतो. सलोमेचे वर्णन लेखकाने स्वतःच्या तोंडाने जवळजवळ केलेलेच नाही. चंद्राच्या निमित्ताने ज्याने त्याने आपले अंतःकरण उघडे केले, आणि त्या सर्व साक्षी एकत्र केल्यावर प्रेक्षकाला सलोमेही कळली आणि तिच्याभोवतीचा तो सडलेला दरबारही कळला. शेवटी शिपायांच्या ढालींखाली ती चिरडली जाते, तत्पूर्वी तोच चंद्रप्रकाश तिच्यावर पडतो आणि राजाला ती दिसते. पाहणे आणि मारणे यांत तेथे एका आज्ञेचेच अंतर उरते.

यावरून एक अभ्यास मी आवर्जून सुचवीन. आपल्या कथेतील स्त्रीची एकच वस्तू घ्यावी, मग ती छत्री असो, अडकित्ता असो वा तिच्या बोलण्यातील एखादी लकब असो, आणि ती तीन निरनिराळ्या माणसांच्या नजरेतून लिहावी: तिच्यावर भाळलेला पुरुष, त्या पुरुषाची बायको किंवा आई, आणि तिच्या घरी भांडी घासणारी बाई. तिसरी नजर कधीही वगळू नये. भाळलेल्याला जे गूढ वाटते ते तिला व्यवहाराने ठाऊक असते. महिन्याचा पगार किती दिवस तटला, रात्री दिवा किती वाजेपर्यंत जळतो, कोणती साडी उसनी आणलेली आहे, हे तिच्या हिशेबात लिहिलेले असते. ही तीन टिपणे कथेत जशीच्या तशी येणार नाहीत, पण ती हाताशी असली म्हणजे पुरुषाच्या तोंडी घातलेल्या प्रतिमेला एक बारीकशी चीर ठेवता येते आणि वाचक त्या चिरेतून पलीकडे पाहू शकतो.

अमेरिकेतील गुन्हेपटांनी हे तंत्र फार पुढे नेले. बिली वाइल्डरचा 1944 चा ‘डबल इंडेम्निटी’ हा चित्रपट जेम्स केनच्या कादंबरीवर आधारलेला असून त्याची पटकथा वाइल्डर आणि रेमंड चँडलर या दोघांनी लिहिली. विमा कंपनीचा एजंट वॉल्टर नेफ रात्री कचेरीत येतो आणि ध्वनिमुद्रण यंत्रापुढे आपल्या गुन्ह्याची कबुली देतो. म्हणजे आपण जे काही पाहतो ते सगळे त्याची जबानी आहे. फिलिस ही ग्राहकाची पत्नी जिना उतरून येते तेव्हा त्याची दृष्टी तिच्या पायातल्या साखळीवर खिळते, आणि पुढे तो चौकशी करतो ती त्या साखळीवर कोरलेल्या नावाची. पुरुषाला अलंकार दिसतो. वाचकाला, येथे प्रेक्षकाला, साखळी दिसते. तिच्या घराबाहेर हनीसकलच्या वेलीचा वास पसरलेला होता आणि खुनालाही असा वास असू शकतो हे आपल्याला तेव्हा कसे कळावे, असे तो खेदाने सांगतो. मला या चित्रपटात सर्वांत अधिक शिकण्यासारखी वाटली ती किराणा दुकानातील भेट. डबाबंद पदार्थांच्या उंच मांडण्यांमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांच्या देखत, काळा चष्मा लावलेली ती स्त्री खुनाविषयी हलक्या आवाजात बोलते. झुंबर नाही, मखमल नाही, चंद्रप्रकाशही नाही, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. आपल्या कथांत मोहिनी नेहमी पावसाळ्या रात्री, एकाकी बंगल्यातच का भेटावी? रेशनच्या रांगेत किंवा बँकेच्या खिडकीपाशी ती उभी केली तर प्रतिमांना कितीतरी बळ येईल.

आता एक उदाहरण घडवूनच पाहू. समजा, संस्थानी अंमलातील एक तालुका आहे, तेथील मामलेदार कचेरीत एक अव्वल कारकून आहे, आणि इनामाच्या वारसाचा तंटा घेऊन एक तरुण विधवा इनामदारीण त्याच्याकडे येऊ लागली आहे. पुढे तिच्यासाठी तो बनावट दस्तऐवजावर सरकारी मोहोर उठविणार आहे. पहिल्या लेखनात आपण सहज लिहून जाऊ की तिचे डोळे गहिऱ्या डोहासारखे होते आणि त्या डोहात आपण बुडणार हे त्या बिचाऱ्याला कळले नाही. हे वाक्य कोणत्याही कथेत, कोणत्याही स्त्रीविषयी चालेल. म्हणूनच ते या कथेच्या कामाचे नाही. कचेरीत पाहावे, तेथे काय आहे? दौत, टाक, रुमालात बांधलेली दप्तरे, आणि लाखोटा बंद करावयाची लाख. मग असे लिहिता येईल:

‘त्याने लाखेची कांडी मेणबत्तीवर धरली. हात किंचित कापत होता. थेंब लाखोट्यावर न पडता कडेला टेकलेल्या तिच्या तर्जनीवर पडला. तो दचकला. तिने बोट हलवले नाही. लाख निवेपर्यंत ती थांबली, मग ती तांबडी टिकली नखाने अलगद सोडवून तिने उजेडाकडे धरली आणि त्याच्या दौतीशेजारी ठेवली. “पाहिलंत रावसाहेब, रेघा किती स्वच्छ उमटल्या,” ती म्हणाली.’

तिच्या रूपाविषयी येथे एक शब्दही नाही. तरीही कारकुनाला काय दिसले असेल याची कल्पना करा: त्याच्या चुकीने भाजली असताही तिने त्याला लाजविले नाही, वर एक गोड शब्द बोलली. वाचकाला दुसरे काही दिसते. ही स्त्री वेदनेने हलत नाही, ठसा कसा उमटतो याकडे तिचे बारीक लक्ष आहे, आणि समोरच्या माणसाला त्याच्या हुद्द्यापेक्षा मोठ्या नावाने संबोधण्याचे तारतम्य तिला आहे. पुढच्या प्रकरणात ती टिकली त्याच्या टेबलाच्या खणात जपून ठेवलेली दिसावी. आणखी पुढे, मोहोर बेमालूम कशी उचलावी हे त्यानेच तिला हौसेने दाखवावे. आणि चौकशी येऊन ठेपते, तिच्या बोटांचा तो एकमेव पुरावा काढण्यासाठी तो खण उघडतो, तेव्हा वैशाखाच्या उन्हाने लाख बसून रेघा पुसून गेलेल्या असाव्यात. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त ज्या व्यंग्यार्थाला काव्याचा आत्मा म्हटले, तो कथेत उतरतो तो अशा वस्तूंच्या वाटेने. लेखकाने मात्र मध्ये येऊन लाख म्हणजे काय हे वाचकाच्या कानात सांगू नये.

एका गोष्टीविषयी मला कळकळीने लिहिले पाहिजे. अशा स्त्रीला लेखक जेव्हा केवळ सापळा म्हणून वापरतो तेव्हा तो तिच्यावर अन्याय करतो आणि आपल्या कथेचेही नुकसान करतो. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त राक्षसाने चंद्रगुप्तासाठी योजिलेली विषकन्या चाणक्याच्या कारस्थानामुळे पर्वतकाच्या प्राणांवर बेतते. नाटकात तिचा उल्लेख येतो, पण ती रंगभूमीवर येत नाही. ती कोणाची मुलगी होती, हे कोणी विचारीत नाही. राजकारणाच्या त्या नाटकात ते योग्यच असेल. परंतु कथा लिहिणाऱ्याने हा प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाऊ नये: तिच्या देहाचे शस्त्र प्रथम कोणी केले? आपल्या इनामदारणीच्या हातात बनावट कागद येण्यापूर्वी खरा कागद तिच्या दिरांनी दाबून ठेवला असेल, पोटगीच्या अर्जावर अर्ज करून तिची वर्षे गेली असतील, आणि त्याच कचेरीच्या ओसरीवर तिला उन्हात ताटकळत बसविले गेले असेल. हे सर्व भाषणातून सांगावयाचे नाही. तिच्या स्वतःच्या नजरेतून आलेली, पुरुषाशी काडीमात्र संबंध नसलेली एखादी प्रतिमा कथेत कोठेतरी असावी, म्हणजे ती सापळा न राहता माणूस होते. मेरीमेने तेही केले आहे. शेवटच्या दिवशी दोन होसे तिला न्यावयास येतो, तेव्हा तिने आपल्या झग्याच्या दुमडीत शिवलेले शिसे उसवून काढले आहे, ते वितळवून पाण्याने भरलेल्या भांड्यात टाकले आहे आणि त्यात उमटणारी आपली भवितव्यता ती एकटीच वाचीत बसली आहे. तिला मरण दिसते आणि तरीही ती उठून त्याच्याबरोबर जाते. आतापर्यंतची सगळी जबानी त्या पुरुषाची होती. हा एक दस्तऐवज तिचा स्वतःचा आहे.

लेखन पुरे झाल्यावर करावयाची छाननीही थोडक्यात सांगतो. ‘जणू’, ‘सारखी’, ‘प्रमाणे’, ‘भासली’ हे शब्द जेथे जेथे आले असतील तेथे खूण करावी आणि ती उपमा कथेतील कोणत्या माणसाची आहे हे समासात लिहावे. ज्या उपमेपुढे कोणाचेच नाव लिहिता येत नाही ती लेखकाची आहे, आणि ती बहुधा काढून टाकण्याजोगीच असते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रतिमा फार झाल्या असतील तर त्यांतील काहींच्या जागी गंध, स्पर्श आणि आवाज आणावेत, कारण दिसणाऱ्या गोष्टीवर माणूस शंका घेऊ शकतो, गंध मात्र शंका घेण्यापूर्वीच आत शिरलेला असतो. पशूंची नावे शक्यतो एकाच पात्राच्या तोंडी ठेवावीत, म्हणजे त्या पात्राचा स्वभाव त्यातून कळेल. अखेरच्या प्रकरणात नवी प्रतिमा आणण्याचा मोह टाळावा. कार्मेनला मारल्यावर तिला पुरताना दोन होसे तिने झुडपांत भिरकावलेली आपली अंगठी बराच वेळ शोधतो आणि ती तिच्याजवळ ठेवतो. ती अंगठी पूर्वीच कथेत आलेली आहे. आपला शेवट लिहून झाला की लगेच पहिल्या प्रवेशाकडे परत जावे आणि तो पुन्हा लिहावा. त्या वस्तूने शेवटी काय सोसले हे आता लेखकाला ठाऊक झालेले असते, आणि पहिल्या भेटीत ती कोणाच्या हातात, कोणत्या उजेडात ठेवावी हे तेव्हाच नेमके ठरविता येते.